बऱ्हाणपूर ते केडगाव : मिशनऱ्यांच्या वाटेने

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर सोडून मध्य प्रदेशात शिरते, पण खिडकीबाहेर त्याची कसलीच खूण दिसत नाही. तीच काळीभोर जमीन, तेच केळीचे मळे, उत्तरेला तीच सातपुड्याची निळसर रांग. बऱ्हाणपूरच्या बाजारात हिंदीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मराठीत मिळालं तर नवल वाटायचं कारण नाही. फारुकी सुलतानांच्या काळात ही खानदेशाची राजधानी होती. 2003 साली खांडव्यातून वेगळा काढून तिचा स्वतंत्र जिल्हा झाला, पण तापीकाठच्या या गावाचं खालच्या जळगावाशी असलेलं नातं जिल्ह्याच्या आणि राज्याच्या हद्दींपेक्षा जुनं आहे.

इथे येणारा पाहुणा सहसा ठरलेल्या गोष्टी बघतो. तापीच्या काठावरचा शाही किल्ला आणि त्यातला हमाम, जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा, आणि नदीपलीकडे जैनाबादेतला आहूखाना. 1631 साली मुमताज महल याच शहरात बाळंतपणात गेली, आणि आग्र्याला नेईपर्यंत तिचा देह आहूखान्यात होता. मग बाजारात येऊन माव्याची जिलबी खायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. या फेरीत जामा मशिदीसाठी मात्र थोडा जास्त वेळ काढावा. राजा अली खान फारुकीने बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात शके 1511 अशी कालगणना दिलेली आहे. त्याच मशिदीत अकबराच्या स्वारीची नोंद करणारा फारसी लेखही आहे. अकबर इथे आला तेव्हा त्याच्या लवाजम्यात काळे झगे घातलेले दोन युरोपीय होते. बऱ्हाणपूरच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांची गोष्ट तिथून सुरू होते.

त्यातला थोरला जेरोम झेवियर. गोव्यात ज्यांचं शव ठेवलं आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातला, स्पेनमधल्या नवारचा. दुसरा बेंतो द गोइश, अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवरचा, आधी शिपाई असलेला आणि पुढे येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, दाखल झालेला. अकबराने गोव्याहून बोलावून घेतलेल्या तिसऱ्या जेझुइट तुकडीतून हे दोघे 1595 च्या मे महिन्यात लाहोरला पोचले होते. तिथे बादशहाच्या परवानगीने त्यांनी शाळा काढली आणि तिच्यात सरदारांची मुलं येऊ लागली. पण बादशहा एका जागी बसणारा नव्हता. तो दख्खनच्या मोहिमेवर निघाला, तसे झेवियर आणि गोइशही त्याच्यामागे निघाले. शाळा, वर्ग, रोजची घंटा हे सारं लाहोरला सहकाऱ्यांवर सोपवून या दोघांच्या वाट्याला छावणीतलं जिणं आलं. 1600 सालच्या वसंतात ही छावणी बऱ्हाणपुरात पोचली.

शहर लढाईशिवाय हाती आलं. सुलतान बहादूर फारुकी मात्र असीरगडावर जाऊन बसला होता.

असीरगड बऱ्हाणपूरपासून 20 किलोमीटरवर, इंदूरच्या रस्त्याला आहे. नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरायचं तर सातपुड्यातल्या या खिंडीतून यावं लागे, म्हणून याला दख्खनचा दरवाजा म्हणत. खालून बघितलं तरी अकबराला इथे दहा महिने का अडकून पडावं लागलं ते कळतं. डोंगर सरळ उठतो आणि वरचा कातळ चहूबाजूंनी तासल्यासारखा उभा आहे. मलयगड, कमरगड आणि सगळ्यात वर असीरगड अशी तटबंदीची तीन आवरणं. वर चढताना दरवाजाजवळच्या खडकावर कोरलेले फारसी लेख दिसतात. हात लावला तर अक्षरांचे उठाव अजून बोटांना जाणवतात. माथ्यावर दोन मिनारांची मशीद, अश्वत्थाम्याच्या कथेशी जोडलेलं महादेवाचं देऊळ, पाण्याची तळी, इंग्रजांच्या बराकींचे पडके सांगाडे आणि त्यांच्या सैनिकांची थडगी. एवढ्या निरनिराळ्या धर्मांच्या आणि राजवटींच्या खुणा एकाच माथ्यावर पाहायला मिळणं दुर्मीळ.

वेढा लांबला तेव्हा अकबराने झेवियरला सांगितलं, चौलच्या पोर्तुगिजांना लिही आणि तोफा, दारूगोळा मागव. चौल म्हणजे आपलं अलिबागजवळचं रेवदंडा-चौल. झेवियरने नकार दिला. अशा कामात हात घालणं आपल्या धर्माला धरून होणार नाही, असं त्याने सांगितलं. फारुकी घराणं पोर्तुगिजांच्या मैत्रीतलं होतं, हेही त्यामागचं कारण असावं असं इतिहासकारांना वाटतं. बादशहा संतापला, पाद्र्यांना समोर येऊ नका म्हणून हुकूम झाला. काही दिवसांनी राग निवळला आणि ते पुन्हा दरबारात दिसू लागले. दुसऱ्याच्या तंबूच्या आसऱ्याने राहणाऱ्या माणसाने हिंदुस्थानच्या बादशहाला तोंडावर नाही म्हणायचं, याला छाती लागते.

17 जानेवारी 1601 रोजी गड पडला. कसा पडला याबद्दल दोन हकिकती आहेत. अबुल फजल आणि दरबारी लेखक सांगतात की गडावर रोगाची साथ पसरली, माणसं पटापट मेली आणि बहादूर शरण आला. झेवियरच्या पत्रांवरून पुढे फ्रान्समध्ये द्यू जारिक याने जो वृत्तांत छापला त्यात वेगळंच आहे. अकबराने जिवाची शपथ घेऊन बहादूरला खाली बोलावलं आणि अडकवून ठेवलं. किल्लेदार हबशी तरीही बधला नाही. शेवटी गडावरच्या सरदारांना पैसे चारून दरवाजे उघडले गेले. इंग्रज इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ याने पाद्र्यांची बाजू खरी मानली, इतरांनी ती खोडून काढली, आणि वाद अजून मिटलेला नाही. गडावर सात पोर्तुगीजही सापडले. ते स्वधर्म सोडून सुलतानाच्या चाकरीला लागलेले होते. झेवियरने त्यांना मागून घेतलं आणि परत ख्रिस्ती धर्मात आणलं. बऱ्हाणपुरातल्या त्यांच्या मुक्कामाचं मोजता येण्यासारखं धर्मकार्य म्हणावं तर एवढंच.

त्याच वर्षी मार्चमध्ये अकबराने गोव्याच्या व्हाइसरॉयकडे वकील पाठवला, त्याच्याबरोबर गोइश निघाला. गडावर सापडलेल्या पोर्तुगिजांनाही त्याने सोबत नेलं. पुढे हाच गोइश काबूल, यारकंद, वाळवंट असा चालत चीनच्या सीमेवर पोचला, आणि मार्को पोलोने लिहिलेला कॅथे देश म्हणजेच चीन हे त्याने प्रत्यक्ष पायांनी सिद्ध केलं. 1607 साली तो तिथेच वारला. झेवियर आग्र्याला परतला आणि 1602 साली त्याने अब्दुस सत्तार या लाहोरच्या विद्वानाच्या मदतीने फारसीत ख्रिस्तचरित्र लिहून बादशहाला दिलं. अकबराने ते आदराने स्वीकारलं. ख्रिस्ती मात्र तो झाला नाही.

याच सुमारास गोव्याच्या साष्टी भागात त्याच येशूसंघाचा एक इंग्रज पाद्री खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी ओवीबद्ध मराठी पुराण लिहीत होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापलं गेलं आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमचं जाऊन बसलं. एकाने राजाची भाषा धरली, दुसऱ्याने रयतेची. झेवियरची विद्वत्ता आणि निष्ठा वादातीत होती, तरी बऱ्हाणपुरात त्याच्या नावाची ना शाळा उरली, ना एखादी ओळ. राजाच्या मर्जीवर बसवलेलं काम राजाच्या छावणीबरोबर उठून गेलं. दक्षिणेत पुढे जे मिशनरी रुजले त्यांनी वेगळी वाट धरली होती, आणि ती बघायची तर बऱ्हाणपूर स्टेशनवर पुण्याकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस पकडावी.

निघण्याआधी निमाडबद्दल, म्हणजे खांडवा-बऱ्हाणपूरच्या या मुलखाबद्दल, थोडं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला खांडव्यात अमेरिकन मेथडिस्ट मिशनने बस्तान बसवलं. 1977 साली खांडवा हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला आणि बऱ्हाणपूर त्यातच येतं. या प्रांतात मिशनरी शाळा म्हटलं की धर्मांतराचा प्रश्न निघतोच. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा अहवाल 1956 साली आला तो मध्य प्रदेशातलाच, आणि 1968 चा धर्मस्वातंत्र्य कायदाही इथलाच. हा प्रश्न बाजूला सारून मिशनऱ्यांबद्दल लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. शाळा आणि धर्मप्रसार त्यांच्या मनात वेगळे नव्हते. शिकायला येणाऱ्यांच्या मनात मात्र अनेकदा वेगळे होते. या तफावतीतूनच पुढे खूप काही घडलं.

गाडी मनमाडला वळते आणि दौंडचा फाटा धरते. 1878 साली सुरू झालेल्या या मार्गावर अहमदनगर लागतं, म्हणजे आजचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनने इथे 1831 साली ठाणं मांडलं. मिस सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका 1827 साली अमेरिकेहून मुंबईला उतरली, 1839 मध्ये नगरला आली आणि 1862 साली इथेच वारली. तिने आयुष्यभर एकच काम केलं. मुली गोळा करायच्या, त्यांना बसवायचं, अक्षर शिकवायचं. मुलगी शिकली तर नवरा मरतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्या समाजात या कामाची रोजची सुरुवात वर्गात होत नसे. ती घरोघरी जाऊन, आयांना पटवून होत असे. आज आलेली मुलगी उद्या लग्न होऊन सासरी जायची, आणि बाकावरची जागा पुन्हा रिकामी.

जोतीराव फुले मित्राबरोबर नगरला आले तेव्हा त्यांनी ही शाळा पाहिली. 1853 साली मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात त्यांचं जे निवेदन आलं त्यात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलं आहे. पुण्याला परतून 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले. फुले दांपत्य ख्रिस्ती झालं नाही. मिशनचा हेतू एक होता, फळ दुसरं आलं, आणि ते महाराष्ट्राच्या सगळ्यात मोलाच्या फळांपैकी आहे.

‘ज्ञानोदय’ हे मासिकही 1842 साली नगरमध्येच निघालं. प्रचाराचं दुसरं साधन होतं कीर्तन. गोऱ्या पाद्र्याचं प्रवचन गावाला पचत नाही हे ओळखून इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी 1860 च्या दशकात टाळ, वीणा, पूर्वरंग-उत्तररंग यांसह ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही परंपरा फुलवली. पारावर, चावडीपुढे, कंदिलाच्या उजेडात बायबलमधली कथा अभंगाच्या चालीवर ऐकायला गाव जमायचं. परदेशी मिशनऱ्याचं तिथलं काम म्हणजे बाजूला बसून ऐकणं.

बऱ्हाणपूरच्या विणकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्टही नगरात आहे. 1900 च्या दुष्काळानंतर मिशनकडे अनाथ मुलांची रीघ लागली. नुसत्या पुस्तकाने त्यांचं पोट भरणार नव्हतं, म्हणून औद्योगिक शाळा निघाली. डी. सी. चर्चिल हा अमेरिकन इंजिनिअर तिथे सुधारित हातमाग बनवत बसला. हाताने फेकायच्या धोट्याऐवजी दोरीच्या ओढीने धावणारा धोटा, लाकडी सांगाडा गावच्या सुताराला दुरुस्त करता येईल असा. चर्चिलचा माग या नावाने तो ओळखला जाऊ लागला. बऱ्हाणपुरात आज यंत्रमागांचा खडखडाट असतो, पण त्या आवाजात वाढलेल्या कुणालाही दुष्काळातल्या पोराच्या हाती माग देण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दौंडला उतरून पुण्याकडे जाणारी पॅसेंजर धरली की थोड्याच वेळात केडगाव येतं. इथे थांबल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही, कारण इथल्या शाळेच्या पहिल्या मुली रेल्वेने मध्य प्रांतातूनच आल्या होत्या.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास त्यांनी मुली बघितल्या, हाडांवर कातडं उरलेल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे दलालांच्या नजरेत आलेल्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी झाडपाला खाऊन जगली होती. त्यामुळे या मुली बघून त्यांना अहवाल लिहावासा वाटला नाही. त्या मुली घेऊन निघाल्या. एका खेपेत थोड्या, मग आणखी थोड्या, अशा सुमारे 300 जणी. पुण्यात तेव्हा प्लेग होता, रमाबाईंच्या तिथल्या शारदा सदन या मुलींच्या शाळेत इतक्या मुली ठेवायला सरकारने मनाई केली. मग केडगावला घेतलेल्या 100 एकरांच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तीच मुक्ती मिशनची सुरुवात. 1898 साली पक्क्या इमारतीचं काम सुरू झालं, आणि 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुलींची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

दीड हजार मुलींचा दिवस कसा उगवत असेल? पहाटे उठणं, प्रार्थना, मग दळण. जात्यावर बसायला रोज कित्येक जणी लागत. त्यानंतर अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस काम, अशी वाटणी होती. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना. मोठ्या मुलींकडे लहानग्यांची जबाबदारी. आंधळ्या मुलींसाठी बर्तीमी सदन, आणि रमाबाईंची लेक मनोरमाबाई यांनी ब्रेल शिकून त्यांना वाचायला शिकवलं. कुणी फसवलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. मदतीला अमेरिकेहून मिनी एब्रम्स आली, पाठोपाठ ऑस्ट्रेलियातून, इंग्लंडमधून, इतर देशांतून बायका येत राहिल्या. इथे घर मात्र चालवत होती ती मराठी बाई, आणि परदेशातून आलेल्यांना तिच्या शिस्तीत राहावं लागे. मिशनरी संस्थांच्या इतिहासात हे फार थोड्या ठिकाणी घडलं.

प्रचारही बायकाच करत. शिकलेल्या मुली जोडीजोडीने आसपासच्या खेड्यांत जात, त्यांना ‘बायबलबाई’ म्हणत. ओसरीवर बसून गाणं म्हणायचं, आजाऱ्याची चौकशी करायची, वाचून दाखवायचं. काही दारं उघडायची, काही तोंडावर लागायची. पुण्यात 1893 साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून वादळ उठलं होतं; न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावात रमाबाईंनी मुळातच आडपडदा ठेवला नाही. ही ख्रिस्ती संस्था आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शारदा सदनाबद्दलची पालकांची तक्रार रास्त होती असं आज म्हणता येतं, आणि केडगावला ज्या मुली आल्या त्यांना दुसऱ्या कुणीच विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मुक्तीच्या छापखान्यातलं काम बारकाईने समजून घेण्यासारखं आहे. देवनागरीचे खिळे जुळवणं इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, प्रत्येकासाठी वेगळं घर. समोर शेकडो घरांच्या पेट्या मांडलेल्या. खिळा उचलताना अक्षर उलटं दिसतं, ओळ उलटी वाचत जुळवावी लागते, आणि एका पानाचा फर्मा बांधेपर्यंत डोळे भरून येतात. दुष्काळात सापडली तेव्हा जिला अक्षर ठाऊक नव्हतं अशी मुलगी काही वर्षांत जुळारी होऊन हे करत होती. आणि ती छापत होती काय, तर तिच्याच पंडिताबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. रमाबाईंनी त्यासाठी उतारवयात या भाषा शिकून घेतल्या, आणि संस्कृत मुखोद्गत असूनही भाषांतराची मराठी मुद्दाम साधी ठेवली, कमी शिकलेल्या बाईला वाचता यावी अशी. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनी भाषांतराची मुद्रितं तपासून पुरी केली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. ग्रंथ 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आला.

मुक्ती मिशन आजही केडगावला सुरू आहे. निराधार बायका, मुली आणि मुलं तिथे राहतात. आवारातलं दगडी चर्च अवाढव्य आहे. एके काळी शेकडो मुली एका वेळी त्यात बसत. भेट द्यायची असेल तर आधी परवानगी घ्यावी, कारण हे प्रेक्षणीय स्थळ नसून लोकांचं राहतं घर आहे. नगरमध्ये क्लेरा ब्रूस मुलींची शाळा आणि डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 साली काढलेलं अहमदनगर कॉलेज, दोन्ही बघता येतात. बऱ्हाणपूरपासून निघून हे सगळं एकाच रेल्वेमार्गाने जोडता येतं, फक्त दौंडला गाडी बदलायची. असीरगडासाठी हिवाळ्यातली सकाळ निवडावी, सोबत पाणी न्यावं आणि फारसी लेखांपाशी घाई करू नये.